महाराजांचा हातगुण आणि फेसाळ्याचं नाक

एका जंगलात, जिथून समुद्र चार डोंगर लांब होता, तिथल्या सिंहाला समुद्र घरी आणावासा वाटला.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र घरी कसा आणणार? मुलांनो, राजाला असले प्रश्न पडत नाहीत. प्रश्न पडायला त्याने दिवाणजी ठेवलेले असतात. महाराज हवापालटासाठी किनाऱ्यावर गेले होते. तिथे खडकातल्या डबक्यात त्यांनी रंगीत मासे पाहिले आणि परत आल्यावर ओढ्यातले काळपट मासे त्यांना बघवेनासे झाले. "ते मासे आम्हाला हवेत," एवढंच ते म्हणाले. मग काचेची मोठी पेटी आली, मीठ आलं, मासे आले आणि दरबाराच्या गुहेत भिंतीला टेकून एक छोटासा समुद्र उभा राहिला.

त्याच्याबरोबर एक यंत्रही आलं. त्याचं खरं नाव प्रोटीन स्किमर. पण हे नाव रानडुकरापासून रानकोंबडीपर्यंत कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला फेसाळ्या म्हणू लागले.

तुम्ही कधी गुऱ्हाळात गेला आहात का? काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की वर मळी येते. ती झाऱ्याने काढून टाकतात. नाही काढली तर गूळ काळा पडतो. फेसाळ्याचं काम तेच, फक्त चुलीशिवाय. माशांचं उष्टं, माशांची घाण, जे जे पाण्यात विरघळून राहतं ते हा हवेच्या बारीक बुडबुड्यांना चिकटवून वर आणतो. तो फेस त्याच्या नरड्यातून चढतो आणि डोक्यावरच्या वाटीत पडतो. वाटी रोज रिकामी करायची, झालं. हवा आत यावी म्हणून त्याच्या बाजूला एक बारीक नळी उभी असते आणि नळीच्या टोकाला एक भोक असतं. ते भोक लक्षात ठेवा.

वीज कुठून आली, हे मात्र विचारू नका. सिंह बोललेला तुम्हाला चालतो, मग विजेनेच काय घोडं मारलंय?

या समुद्राची देखभाल होती उदाजीकडे. उदाजी म्हणजे आपलं ओढ्याकाठचं पाणमांजर. माशांची राखण पाणमांजराकडे दिली म्हटल्यावर जंगल पोट धरून हसलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं साळिंदरबाई चारचौघांत बोलून गेल्या. पण करणार काय? पाण्यातलं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. शिवाय उदाजीने गळ्यात माळ घातली होती. मासे सोडून त्याला कैक पावसाळे झाले होते. भिजवलेले हरभरे आणि रताळी यांवर तो राहायचा आणि आपण सुखी आहोत असं सगळ्यांना सांगायचा.

नेमणुकीच्या दिवशी महाराज त्याला म्हणाले होते, "मासा कमी झाला, तर आम्ही आधी तुझं पोट उघडून बघू. कारण मग विचारू."

महाराज हसत हसत म्हणाले होते, म्हणून दरबार हसला. उदाजीही हसला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी तोंड धुण्याच्या आधी तो मासे मोजायचा.

त्या माशांत एक होती जिलबी. बोटाएवढी, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. पहिल्या दिवशी तिला पाहिल्यावर उदाजीच्या मनात आलं होतं की ही तर दाढेलासुद्धा पुरायची नाही. आणि मनात तसं आलं याची त्याला इतकी लाज वाटली की तेव्हापासून ती त्याची सगळ्यात लाडकी झाली. तो काचेजवळ आला की ती पुढे यायची. तो डावीकडे सरकला की ती डावीकडे, तो उजवीकडे गेला की ती उजवीकडे. उदाजीला मूलबाळ नव्हतं.

फेसाळ्या झकास चालत होता. अडचण एकच होती. तो चालत होता म्हणजे रोज वाटी भरत होती. वाटीत काय जमायचं? शिळ्या चहासारखं काळं पाणी, आणि वास असा की रानडुक्करसुद्धा पंगतीतून उठावं. उदाजी वाटी घेऊन दरबारातून बाहेर निघाला की सगळे नाकाला शेपूट लावायचे.

दिवाणजींना, म्हणजे कोल्ह्याला, त्या वासापेक्षा दुसरीच काळजी होती. महाराजांच्या समुद्रातून रोज एवढी घाण निघते हे शेजारच्या जंगलात कळलं तर काय म्हणतील लोक? त्यांनी उदाजीला दोनतीनदा सुनावलंही. उदाजीने समजावून सांगायचा प्रयत्न केला की घाण निघते म्हणूनच पाणी स्वच्छ आहे. दिवाणजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बोलायचा थांबला.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला तुमच्या घरी काय करतात? कोयता, विळी, शिवणयंत्र, स्कूटर, जे काही राबतं त्याची पूजा करतात. झेंडूची माळ घालतात, कुंकू लावतात. त्या जंगलातही तसंच होतं. सुतारपक्ष्याने चोच पूजली, साळिंदरबाईंनी काटे पूजले. महाराजांनी स्वतःच्या नख्यांची पूजा केली आणि मग त्यांची नजर फेसाळ्यावर गेली.

"याची पूजा आम्ही स्वहस्ते करू," महाराज म्हणाले.

तबक आणलं. महाराजांनी तेलात कुंकू कालवलं, चांगलं घट्ट. आता कुंकू लावायचं तर कपाळाला. पण फेसाळ्याचं कपाळ कुठे असतं? महाराजांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. बाजूला एक नळी उभी, तिच्या टोकाला एक छानसा गोल. कुंकवासाठीच जागा सोडल्यासारखा. महाराजांनी पंजाचा अंगठा कुंकवात बुडवला आणि त्या गोलावर दाबला. महाराज कोणतीही गोष्ट हलक्या हाताने करत नसत. वरून त्यांनी चार अक्षताही चिकटवल्या.

फेसाळ्याने एक उचकी दिली आणि त्याची सूं सूं थांबली. ढोल वाजत होते, त्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही. उदाजीला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी होती. लख्ख. महाराजांनी तीत स्वतःचं तोंड पाहून मिशा नीट केल्या.

"दिवाणजी, वाटी स्वच्छ कशी?"

दिवाणजींचं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. ते म्हणाले, "महाराज, हा आपला हातगुण."

हातगुण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. एखाद्या वैद्याने नुसती नाडी धरली तरी ताप उतरतो, एखाद्या बाईने खुंटलेली फांदी खोचली तरी ती फुटते. महाराजांचा अंगठा लागला आणि पाण्यातली घाणच नाहीशी झाली. त्या दिवशी जंगलभर दवंडी फिरली. पोपटांनी ती पाठ केली. ज्याचं कौतुक करायचं त्याच्या आसपासच्यांचंही थोडं करावं लागतं, म्हणून उदाजीला भर दरबारात हिरव्या काठाचा शेला मिळाला.

उदाजीने शेला पांघरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या पोटाकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघत होतं. खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. पाणी आधी धूसर झालं, मग पिवळं पडलं. काचेवर चिकट थर यायला लागला. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. आणि एका सकाळी उदाजी काचेसमोर डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, पण जिलबी दगडाआडून बाहेर आली नाही.

उदाजी फेसाळ्याकडे गेला. त्याने नळीला कान लावला. श्वास नाही. त्याने टोकाकडे पाहिलं. महाराजांचं कुंकू तिथे बूच मारल्यासारखं बसलं होतं. तेल होतं, मिठाचं पाणी उडत होतं, तांदूळ फुगले होते. एखाद्या गवंड्यालाही इतकं पक्कं जमलं नसतं.

दोष सापडायला उदाजीला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही. त्याने एक नखी उचलली. नुसती टोकरली असती तर काम झालं असतं.

मागून कुणीतरी खाकरलं. दिवाणजी उभे होते.

"काय चाललंय, उदाजी?"

"काही नाही, दिवाणजी. जरा साफसूफ करत होतो."

"कुंकू पुसत होतास?"

उदाजीची नखी हवेत राहिली.

"महाराजांनी लावलेलं कुंकू," दिवाणजी हळू आवाजात म्हणाले. "कुंकू कधी पुसतात, ठाऊक आहे ना? मग महाराजांच्या जिवावर उठलास असं मी समजू का?"

उदाजीने नखी आत घेतली. मुलांनो, यंत्राचा बिघाड काढणं एक वेळ सोपं असतं. पण कुंकू पुसलं म्हटल्यावर राणीसाहेबांच्या तोंडाचा रंग काय होईल, हे डोळ्यांसमोर आलं की भल्याभल्यांचे हात गळतात. उदाजी तर पोटाच्या बाबतीत आधीच संशयित होता.

मग त्याने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. तो पाणी बदलू लागला. ओढ्याचं पाणी आणायचं, त्यात मीठ कालवायचं, जुनं उपसायचं, नवं ओतायचं. त्याचे पंजे मिठाने चरचरू लागले. पाणी दुपारपर्यंत बरं दिसायचं आणि संध्याकाळी पुन्हा पिवळं.

तेवढ्यात एक निळा मासा मेला.

उदाजीने तो पळसाच्या पानावर ठेवला आणि दारोदार फिरून दाखवला. बघा, सबंध आहे. कुठे दात लागलाय का? शेपटी आहे, कल्ले आहेत, डोळे दोन्ही आहेत. साळिंदरबाईंनी मासा उलटापालटा करून पाहिला आणि आज सगळा आणलास, उद्या अर्धा आणशील, असं म्हणून पान परत दिलं. उदाजीला घरी आल्यावर रडू आलं. निळ्या माशासाठी आलं की स्वतःसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मासा मेला म्हटल्यावर दरबार जागा झाला आणि तज्ज्ञांना बोलावणं गेलं.

पहिले आले बकशास्त्री. बगळा. माशांचा त्यांचा अभ्यास पिढीजात होता. ते एका पायावर उभे राहून पेटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी फेसाळ्याकडे पाहिलं. त्यांची नजर नळीवरून वर चढली, कुंकवापाशी थबकली आणि आदबीने खाली उतरली. त्यांनी निदान केलं की यंत्रात काही दोष नाही, माशांचा भार जास्त झाला आहे. तो थोडा कमी करावा. कमी कसा करायचा हा प्रश्न असेल तर ते स्वतः रोज पहाटे येऊन, काही न घेता, करून देतील. हे सांगताना त्यांनी आवंढा गिळला. उदाजी पेटीसमोर हात पसरून उभा राहिला आणि गरज लागली तर कळवतो असं म्हणाला.

मग आला वानरमिस्त्री. हा खरोखरच कामाचा गडी होता. त्याने सोंडेएवढा पाना काढला, बाह्या सरसावल्या आणि वर पाहिलं. त्याचीही नजर कुंकवापाशी थबकली. त्याने उदाजीकडे पाहिलं. उदाजीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली. मग मिस्त्रीने पंप उघडला, पंप ठणठणीत होता. तो पुन्हा बसवला. पाण्याची पातळी वर करून पाहिली, खाली करून पाहिली. सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो मुळातच जास्तीचा होता, असं सांगून त्याने तो कानामागे खोचला. जाताना मात्र तो उदाजीच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "मला दोन पोरं आहेत, उदाजी."

शेवटी दिवाणजींनी स्वतः उपाय काढला. यंत्राचं तोंड दक्षिणेकडे आहे, ते पूर्वेकडे करा. चार रेड्यांनी मिळून फेसाळ्या फिरवला. कुंकू आता पूर्वेकडून दिसू लागलं. बाकी काही बदललं नाही. आणखी दोन मासे गेले आणि जंगलात उदाजीचं पोट सुटल्यासारखं दिसतं अशी कुजबूज सुरू झाली. बिचारा हरभरेसुद्धा खात नव्हता.

सगळ्यांना माहीत होतं, बरं का. तज्ज्ञांना माहीत होतं, रेड्यांना माहीत होतं. दिवाणजींना तर पहिल्या दिवसापासून. माहीत नव्हतं ते फक्त महाराजांना, आणि सांगायचं होतं तेही फक्त महाराजांनाच.

दिवाळी जवळ आली. उदाजीची बायको चंद्रा ओढ्यावर उटणं वाटत बसली होती. उदाजी शेजारी बसून पाण्याकडे नुसता बघत होता. चंद्राने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं, तिथून पाण्यात गेलं. तिने तोंड टिपलं, करंड्यातून नवं कुंकू लावलं आणि पुन्हा वाटायला लागली.

उदाजी तिच्याकडे बघतच राहिला.

"चंद्रा, आता तू कुंकू पुसलंस?"

"काय अभद्र बोलता? तोंड धुतलं."

"पण कुंकू तर गेलं."

"धुताना जायचंच की," चंद्रा म्हणाली. "त्याला कोण पुसलं म्हणतं? उठा, काहीतरी खाऊन घ्या."

उदाजी उठला, पण खायला थांबला नाही. त्याने शेला झटकून खांद्यावर टाकला आणि थेट दरबारात गेला.

तिथे त्याने हात जोडून विनंती केली की नरकचतुर्दशीला सगळं जंगल पहाटे आंघोळ करतं. त्या दिवशी जो न्हात नाही तो नरकात जातो असं म्हणतात. मग ज्या फेसाळ्याची पूजा खुद्द महाराजांनी केली, त्याला पारोसं ठेवायचं का? कोमट पाण्याने त्यालाही आंघोळ घालावी आणि मग महाराजांनी त्याला पुन्हा नवं कुंकू लावावं.

दिवाणजींचे कान उभे राहिले. त्यांना कळलं. पण आंघोळ घालू नका असं कोण कसं म्हणणार? महाराज तर खूष झाले. ते म्हणाले, आंघोळ थाटात व्हावी, सगळ्या दरबारासमोर व्हावी. दिवाणजींनी एक बारीकशी सूचना जोडली की अभ्यंगस्नान म्हटलं की आधी अंगभर तेल हवं. उदाजी लगेच पुढे झाला. थेंबभर तेल पाण्यात गेलं की फेस मरतो, हे काठावर वाढलेल्या कुणालाही कळतं. यंत्र अजून लेकरू आहे, लेकराला तेल टाळूपुरतंच लावतात, असं म्हणून त्याने ते वाटीच्या झाकणावर निभावून नेलं.

नरकचतुर्दशीचा दिवस उजाडला. महाराज न्हाऊन, आयाळीला गजरा माळून, नवा केशरी अंगरखा घालून बसले. उदाजीने कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि नळीच्या टोकावर धार धरली.

कुंकू आधी पाझरलं. मग ओघळलं. लाल धार खाली आली तसा राणीसाहेबांनी तोंडावर पंजा धरला.

"आंघोळ आहे, आंघोळ," उदाजी मोठ्याने म्हणाला आणि ओतत राहिला.

एक अक्षत निघाली. दुसरी निघाली. मग बूच सुटावं तसा फट्ट आवाज झाला आणि फेसाळ्याने श्वास घेतला. सूं सूं सुरू झाली. उदाजीच्या कानांना इतकं गोड गाणं माहीत नव्हतं.

पाण्यात पांढरं वादळ उठलं. फेस नरड्यात चढला, वाटीत उतरला. दरबाराने टाळ्या वाजवल्या. पण एक गोष्ट उदाजी विसरला होता. खंडेनवमीपासूनची सगळी घाण पाण्यातच होती, आणि आता तिला वाट मिळाली होती. वाटी भरली. फेस थांबेना. झाकण वर उचललं गेलं, वाकडं झालं, आणि काळा, दाट, शिळ्या चहाच्या रंगाचा एक फवारा महाराजांच्या तोंडावर, गजऱ्यावर आणि केशरी अंगरख्यावर जाऊन पडला.

वास आला. कुणी नाकाला शेपूट लावण्याचं धाडससुद्धा केलं नाही.

"आमच्या हातगुणाने स्वच्छ झालेलं पाणी," महाराज एकेक शब्द तोडत म्हणाले, "तुझ्या आंघोळीने नासलं."

उदाजीने पेटीकडे पाहिलं. दगडाआडून एक केशरी तोंड बाहेर आलं होतं. यंत्र आत्ता थांबवलं, पुन्हा त्या भोकात कुंकू भरलं, तर ते तोंड उद्या दिसणार नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं.

"महाराज, ती घाण नाही," तो म्हणाला. "ती शिंक आहे."

"काय आहे?"

"शिंक, महाराज. रंगपंचमीला गुलाल आपल्या नाकात गेला होता, आठवतं का? दिवसभर शिंकत होता आपण. जे बाहेर आलं ते आपलं थोडंच होतं? तसंच याचं. ही नळी म्हणजे याचं नाक. नाकात कुंकू गेलं होतं."

महाराजांनी विचार केला. रंगपंचमी त्यांना चांगली आठवत होती. त्यांनी पंजाने तोंड पुसलं, पंजाचा वास घेतला आणि लगेच लांब धरला.

"असं," ते म्हणाले. "मग याच्या नाकात कुंकू घातलं कुणी?"

आता मुलांनो, गुहेत फक्त फेसाळ्याचा श्वास ऐकू येत होता. वानरमिस्त्री कानामागचा स्क्रू चाचपू लागला. बकशास्त्र्यांनी दुसरा पायही वर घेता येतो का ते पाहिलं. दिवाणजी छताकडे पाहत होते. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर अंगावर फेस घेऊन समोर बसलं होतं.

उदाजीच्या जिभेवर खरं होतं. सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. इतके दिवस गिळलेलं होतं, एका दमात बाहेर आलं असतं, फेसाळ्यासारखंच. पण मग पेटीची राखण बकशास्त्र्यांकडे गेली असती.

"मी, महाराज," उदाजी म्हणाला.

"तू?"

"यंत्र मी उलटं बसवलं होतं. कपाळ असायचं तिथे नाक आलं. आपण कुंकू कपाळाच्याच जागी लावलंत. पण तिथे कपाळ नव्हतं."

महाराजांनी बराच वेळ मान हलवली. मग ते समाधानाने मागे टेकले.

"तरीच," ते म्हणाले. "आमचं कुंकू बरोबर होतं. कपाळच चुकलं."

दरबाराने सुटकेचा श्वास सोडला. दिवाणजींनी महाराजांच्या न्यायबुद्धीची स्तुती केली. पोपटांनी तिथल्या तिथे नवी दवंडी पाठ करायला घेतली.

उदाजीला महाराजांनी मोठ्या मनाने माफ केलं. पोट उघडलं नाही. शेला तेवढा काढून घेतला, कारण उलटं यंत्र बसवणाऱ्याच्या खांद्यावर तो शोभत नव्हता. तो शेला मिळाला बकशास्त्र्यांना. माशांचा भार कमी होताच यंत्र सुरू झालं, हे त्यांचं निदान खरं ठरलं होतं. मासे मेल्यामुळे भार कमी झाला होता, पण निदान ते निदान.

दिवाणजींनीही एक सुधारणा केली. आता वाट्या दोन आहेत. खरी वाटी उदाजी उजाडायच्या आत मागच्या दाराने नेतो आणि वडाखाली ओततो. दुसरी, घासून लख्ख केलेली, दरबारात महाराजांसमोर ठेवतात. महाराज तीत मिशा बघतात. हातगुण दिवसेंदिवस वाढतोच आहे असं सगळे म्हणतात.

आणि उदाजीने एक काम गुपचूप केलं. त्याने चुना आणि काजळ घेऊन फेसाळ्याच्या झाकणावर एक मोठं थोरलं कपाळ रंगवलं. खाली दोन डोळे काढले, आणि नळीला दोन्ही बाजूंनी नाकपुड्या. आता पुढच्या खंडेनवमीला आंधळ्याचाही अंगठा चुकणार नाही.

मग तो काचेसमोर गेला, शेल्याविना. डावीकडे सरकला. जिलबी डावीकडे सरकली. त्याने डोळे पुसले आणि उजवीकडे सरकला.

तात्पर्य : यंत्र बिघडले असता दोष शोधण्यात वेळ दवडू नये, तो सगळ्यांना आधीच दिसलेला असतो. शोधायचे ते दोष ठेवण्यासाठी एक कपाळ. दुसऱ्याचे मिळाल्यास उत्तम. मासे जगवायचे असतील, तर मात्र स्वतःचेच पुढे करावे.